गांडुळांचा डबा कोणाच्या भरवशावर?

पावसाळा सुरू झाला की सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण दिसू लागतात. जुलै २००५च्या महापुरानंतर मुंबईत या आजाराने मोठा तडाखा दिला होता. उंदरांच्या मूत्रातून हे जंतू पाण्यात येतात आणि पायावरच्या लहानशा जखमेतून शरीरात शिरतात. हे उंदीर पोसतो मात्र आपणच. कार्यालयाच्या मागच्या दारी पिशवीत बांधून ठेवलेले खरकटे ही त्यांची रोजची मेजवानी असते. त्यामुळे ओला कचरा हा केवळ टापटिपीचा विषय नाही, आरोग्याचा आहे.

२०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या संस्थांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितले. लहान कार्यालये या आकड्याकडे बोट दाखवून मोकळी होतात. खरे तर त्यांचे काम सोपे आहे. चहाचा चोथा, केळीच्या साली, फळांच्या फोडी एवढ्यासाठी गांडुळांचे एक-दोन डबे पुरतात.

आधी आठवडाभर कचरा वजन करून पाहावा. एक किलो गांडुळे रुळल्यावर दिवसाला साधारण अर्धा किलो कचरा खातात. सुरुवातीला त्याच्या निम्माच द्यावा. शेतातली गांडुळे खणून आणू नयेत. आयसेनिया फेटिडा ही खतासाठीची जात अनेक कृषी विज्ञान केंद्रांत मिळते. भोके पाडलेल्या डब्यात कोकोपीट किंवा सुका पाला आणि कुजलेले शेण घालून तो सावलीत ठेवावा. गांडुळे त्वचेने श्वास घेतात. त्यामुळे डबा कोरडा पडला तरी ती मरतात आणि पाणी साचले तरी मरतात. मूठभर खत पिळल्यावर एक-दोन थेंब गळावेत, इतकीच ओल हवी. दरवेळी कचऱ्यावर सुक्या पाल्याचा थर दिला की माश्या आणि वास दोन्ही टळतात. दोन-तीन महिन्यांत खत तयार होते.

डब्यातल्या उरलेल्या आमटी-भाजीला मात्र इथे जागा नाही. मीठ गांडुळांना मारते. तेल, मटण-मासळी, दूध यांनी दुर्गंधी सुटते आणि उंदीर परत येतात. शिजवलेले अन्न मुळात उरू न देणे हाच त्यावरचा उपाय. रुग्णालयांनी तर उपाहारगृहातील साली-देठांपुरतेच हे करावे, रुग्णांचे उष्टे त्यात घालू नये. गांडूळखत फारसे तापत नाही, त्यामुळे उष्णतेने सगळे जंतू मरतील अशी खात्री नसते. खत हाताळताना हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत. धनुर्वाताची लस घेतलेली असावी.

एवढे शास्त्र कोणालाही जमते. डबे बंद पडतात ते वेगळ्याच कारणाने. पर्यावरण दिनाला साहेबांच्या हस्ते डबा बसतो, फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवसापासून तो सफाई कामगाराच्या गळ्यात पडतो. केळीच्या सालीसोबत प्लॅस्टिकचा चमचा, टाचण्या, कधी फुटलेली काचही त्यात पडते. ती निवडायला हात घालतो तो सफाई कामगार. कापलेल्या बोटाला टाके घालून घेण्यासाठी आमच्याकडे येतो तोही तोच. त्याच्या वाढीव कामाची नोंद कुठेच होत नाही.

म्हणून डबा आणण्याआधी कार्यालयाने एक वेळापत्रक करावे. आठवड्यागणिक एकेका विभागाने डबा सांभाळावा आणि त्यात अधिकाऱ्यांचीही नावे असावीत. कचरा ज्याचा त्याने, टाकतानाच वेगळा करावा. हे मान्य नसेल तर डबा न आणलेलाच बरा. दुर्लक्षित डब्यात गांडुळे मरतात आणि माश्यांची पैदास होते. मान्य असेल तर मागच्या दारचे उंदरांचे अन्न तुटेल आणि एका माणसाचे हातही सुरक्षित राहतील. कुंड्यांना मिळणारे खत हा त्यावरचा नफा.