हात लावू नका, लक्ष ठेवा!

परळ-भोईवाडा म्हणजे दवाखान्यांचा मुलूख! १९२६ चं के.ई.एम., १९४१ चं टाटा मेमोरियल, शेजारीच वाडिया. जनावरांसाठीसुद्धा इथे १८८० च्या दशकापासून बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे आणि त्याच आवारात १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. अशा ठिकाणी ‘जखमी पक्ष्याला लगेच हात लावू नका’ म्हणणारी मुलगी वेड्यात निघणार, हे मला ठाऊक आहे. तरीही म्हणते.

पी.एल.मध्ये मी भोईवाड्याला आजीकडे मुक्कामाला होते. इमारतीमागे बाग आहे. बाग म्हणजे काय, चार कुंड्या, एक जास्वंद आणि एक शेवगा! तिथे रोज येणाऱ्या एका साळुंकीचा डावा पाय लोंबकळत होता. मामेभाऊ लगेच टोपली घेऊन तिला पकडायला निघाला. आजी म्हणाली, "अरे, तिला उडता येतंय, खाता येतंय. धरलंस तर भीतीनेच मरेल." झालं! घरात दोन पार्ट्या. मी आजीच्या.

पहिला आठवडा ‘लंगडी’ (हे बारसं आजीनेच केलं) एकाच पायावर उड्या मारत होती. दुसऱ्या आठवड्यात ती दुसरा पाय जरा जरा टेकवू लागली. तिसरा संपता संपता शेवग्याच्या फांदीवर दोन्ही पायांनी बसली. पाय मोडला होता की नुसता मुरगळला होता, देव जाणे. एक्स-रे कोण काढणार? पाय किंचित वाकडा राहिलाय, पण काम चालू!

यात चमत्कार काही नाही. हाड मोडलं की तिथे आधी रक्त गोठतं, मग मऊ जोड तयार होतो आणि पुढे त्याचंच हाड बनतं. तुकडे जागेवर राहिले, तर पक्ष्यांमध्ये हे साधारण तीन आठवड्यांत होतं. तेवढ्या दिवसांत आपलं प्लास्टरसुद्धा सुटत नाही! आणि प्लास्टर तरी काय करतं? हाड सरळ धरून ठेवतं. जोडतं ते शरीरच. उलट पक्ष्याच्या दृष्टीने आपला हात म्हणजे शिकाऱ्याचा पंजा. त्यात आपण प्रेमाने चोचीत पाणी ओततो, तेही श्वासनलिकेत जाऊ शकतं.

मामेभावाचा प्रश्न मात्र बिनतोड होता : "जगलेली लंगडी तुला दिसली. मांजराने नेलेली कशी दिसेल?" खरं आहे. म्हणूनच मी ‘सोडून द्या’ म्हणत नाही, ‘लक्ष ठेवा’ म्हणते. आम्ही मांजराला बागेत फिरकू दिलं नाही, उथळ ताटलीत पाणी ठेवलं आणि लांबून पाहत राहिलो.

मर्यादाही ठरलेल्या हव्यात. उडता येत नसेल, हाड बाहेर आलं असेल, रक्त थांबत नसेल, तर वाट पाहू नका. मांजराचा दात लागला असेल तर जखम छोटी दिसली तरी जंतुसंसर्ग जीव घेतो. आणि मांजा! नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीला तो झाडांवर लटकलेला दिसतोच. त्यात अडकलेला पक्षी आपोआप बरा होत नाही. त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि सरळ परळ गाठा. हळद, तेल, दूध वगैरे घरगुती प्रयोग नकोत.

आपण इंजिनिअरिंगवाले काहीही बिघडलं की आधी स्क्रू-ड्रायव्हर काढतो. पण जिवंत यंत्र स्वतःची दुरुस्ती स्वतःही करतं. तेव्हा मित्रांनो, हॉस्टेलच्या आवारात पुढच्या वेळी एखादी लंगडी दिसली, तर टोपली आणण्याआधी दहा मिनिटं लांब उभे राहून बघा. ती उडते का, खाते का, मांजर कुठे आहे? मग ठरवा. बघा पटतंय का!