कागदाचा स्तूप

सुट्टी लागली की मुलांच्या हाताला काय काम द्यावे, हा प्रश्न घरोघरी पडतो. आम्ही सुचवितो, सांचीचा महास्तूप कागदाचा करावा. एक मोठा पुठ्ठा, पाच-सहा कार्डशीट, कात्री, पट्टी, कंपास आणि घरी शिजविलेली खळ एवढे पुरे. आईवडिलांनी मात्र सोबत बसावे.

प्रथम माप ठरवू. स्तूपाच्या पायथ्याचा व्यास सुमारे 36.6 मीटर आणि छत्र सोडून उंची सुमारे 16.5 मीटर आहे. एका मीटरला एक सेंटीमीटर धरला, तर पायथा साडेछत्तीस सेंटीमीटरचा होतो. या हिशेबाने माणूस जेमतेम दीड सेंटीमीटरचा. तेवढे एक माणूस कापून शेजारी उभे करावे, म्हणजे स्तूप केवढा मोठा, हे मुलांना न सांगता कळते.

खाली गोल चौथरा, म्हणजे मेधी. त्यावर घुमटासारखे अंड. हे थोडे आत घ्यावे, कारण मेधीवर प्रदक्षिणेची वाट आहे. सपाट कागद घुमटासारखा वळत नाही, त्याला सुरकुत्या पडतात. म्हणून संत्र्याच्या फोडीसारख्या सोळा पाकळ्या कापून जोडाव्यात. अंडाचा व्यास 32 सेंटीमीटर धरला तर घेर सुमारे 100 येतो, म्हणजे प्रत्येक पाकळी तळाशी सव्वासहा सेंटीमीटर. शाळेतले वर्तुळाचे गणित इथे कामी येते. माथा सपाट ठेवून त्यावर चौकोनी हर्मिका आणि तीन छत्रे बसवावीत.

आपला स्तूप पोकळ राहील. सांचीचा आतून भरीव आहे. सम्राट अशोकाच्या काळचा विटांचा लहान स्तूप त्याच्या पोटात आहे. पुढे शुंगकाळात त्यावर दगडी आवरण चढून तो वाढला. नागपूरच्या दीक्षाभूमीवर 2001 साली उद्घाटन झालेला स्तूप सांचीच्या धर्तीवर असला, तरी आतून पोकळ आहे, हा फरक मुलांना जरूर दाखवावा.

आता भोवतीचा कठडा, म्हणजे वेदिका. उभ्या स्तंभांना खाचा पाडून त्यांत आडव्या तीन पट्ट्या ओवाव्यात आणि वर एक पट्टी बसवावी. सांचीच्या कारागिरांनी दगड असाच जोडला आहे, लाकूडकामाच्या रीतीने. चार दिशांना चार तोरणे उभी केली की काम संपले असे वाटेल. पण खरे काम पुढेच आहे.

सांचीच्या दगडांवर शेकडो लहान लेख आहेत. त्यांत भिक्खू आहेत, भिक्खुनी आहेत, गृहिणी, व्यापारी, लेखनिक आहेत. दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांचा लेख आहे. कुणी एक खांब दिला, कुणी एक पट्टी. यांतील पुष्कळशा लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात, हे जेम्स प्रिन्सेप यांच्या ध्यानी आले. तो शब्द ‘दानं’ असावा, असे त्यांनी ताडले आणि 1837 साली ब्राह्मी लिपी उलगडली. अशोकाचे शिलालेख वाचता आले ते या साध्या माणसांच्या नावांमुळे. राजाचा शब्द आपल्यापर्यंत पोहोचला, तो एका खांबाचे दान करणाऱ्या बाईच्या बोटाला धरून!

म्हणून आमचे सांगणे, कागदी वेदिकेचा एकही स्तंभ कोरा ठेवू नये. प्रत्येकावर आपल्या घरातले एक नाव लिहावे. ज्या आजीने बांधकामावर आयुष्यभर पाट्या वाहिल्या आणि जिचे नाव कुठल्याच कोनशिलेवर लागले नाही, तिचे नाव सर्वांत आधी. ते मुलांनी स्वतःच्या हाताने लिहावे, आणि आजी हयात असेल तर तिला वाचून दाखवावे. नंतर तो स्तूप कपाटात न ठेवता विहारात न्यावा आणि त्याची माहिती मुलांनीच सर्वांना सांगावी.