सेवा कोणाची आणि समाधान कोणाचे?

आपल्या समाजात वृद्ध मातापित्यांच्या आजारपणाविषयी एक नवी कसोटी रूढ झाली आहे. तेराव्याच्या पंक्ती उठल्यावर मंडळी म्हणतात, "मुलांनी काही कमी केले नाही हो! हुबळीला झाले, बेळगावला झाले, शेवटी मुंबईला टाटा इस्पितळातही नेऊन आणले." या एका वाक्याने मुलांना प्रशस्तिपत्र मिळते आणि ती निश्चिंत होतात. जी माउली गेली तिला यातले काय हवे होते, हा प्रश्न मात्र त्या पंक्तीत कोणी काढीत नाही. आमची तक्रार अशी की, तो तिच्या हयातीतही बहुधा कोणी काढलेला नसतो.

आमचे म्हणणे आम्ही आरंभीच स्पष्ट मांडतो. कर्करोग झालेल्या वृद्ध आईवर किंवा वडिलांवर कोणते उपचार करावेत, किती करावेत आणि कोठे थांबावे, हे ठरविण्याचा पहिला अधिकार त्या रुग्णाचा आहे. मुलांचा नव्हे, जावयाचा नव्हे आणि डॉक्टरांचाही नव्हे. शुद्धीवर असलेल्या माणसाला न विचारता केलेली शुश्रूषा कितीही खर्चाची असली, तरी तिला सेवा म्हणता येत नाही.

घरोघरी घडते ते असे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आईला घास गिळवेनासा होतो, किंवा तिची कावीळ काही केल्या उतरत नाही. तपासणी होते, आणि डॉक्टर थोरल्या मुलाला एकीकडे बोलावतात. "आवयक सांगूं नाका" हा ठराव बाहेरच्या खोलीत एकमताने मंजूर होतो. मग धारवाडचा थोरला, पुण्याची लेक आणि अमेरिकेतला धाकटा यांच्यात दूरध्वनीवर रात्र रात्र खल चालतो. जो सर्वांत दूर तोच बहुधा सर्वांत कडक उपचारांचा आग्रह धरतो. रात्रीची उलटी आणि पाठीवरचे व्रण त्याच्या वाट्याला येत नाहीत. आपण जवळ नाही ही टोचणी तेवढी येते, आणि ती आईच्या देहावर उतरवली जाते. पाश्चात्त्य डॉक्टरांनाही हा प्रकार नवा नाही. त्यांच्या वाङ्मयात 1991 सालापासून "कॅलिफोर्नियाची लेक" या नावाने तो ओळखला जातो. आपल्याकडे लेकाऐवजी लेक किंवा लेकीऐवजी लेक, एवढाच काय तो फरक!

"पण सांगितले तर ती खचेल," असे उत्तर मिळते. वाचकहो, जिने नवरा पोहोचविला, जिने सासू-सासऱ्यांचे अंथरूण वर्षानुवर्षे काढले, तिला मरण ठाऊक नाही असे आपण कशाच्या आधारे समजतो? किरणोपचाराच्या विभागाची पाटी तिलाही वाचता येते. सुनांचे डोळे तिलाही दिसतात. ती जाणून असते आणि मुलांना वाईट वाटू नये म्हणून न जाणल्याचे सोंग करते. मुले तिला वाईट वाटू नये म्हणून हसण्याचे सोंग करतात. या दुहेरी नाटकात तिच्या हातचे शेवटचे शहाणपणाचे दिवस निघून जातात. दागिने कोणाला द्यावेत, धाकट्या जावेशी धरलेला अबोला सोडावा की नाही, कुलदेवतेचे दर्शन अंगात बळ आहे तोवर घडावे की नाही, हे सारे तिला ठरवायचे असते. आणि आपण मात्र तिला पुढच्या औषधाची तारीख सांगत असतो. तिला काही ऐकायचेच नसेल, "तुम्हीच काय ते बघा" असे ती म्हणाली, तर तोही तिचाच निर्णय होय. पण "तुला किती जाणून घ्यायचे आहे?" एवढे तरी विचारावयास नको काय?

दुसरे उत्तर धर्माचे. शेवटच्या श्वासापर्यंत सर्व उपाय करणे हेच पुत्राचे कर्तव्य, असे छातीठोकपणे सांगितले जाते. ज्या परंपरेच्या नावाने हे सांगितले जाते ती परंपरा असे म्हणत नाही. शरपंजरी पडलेल्या भीष्मांकडे दुर्योधन बाण उपटण्यात निष्णात असलेले शल्यवैद्य घेऊन आला. भीष्मांनी त्यांचा सत्कार करविला आणि त्यांना परत पाठविले. त्यांनी उशी मागितली, पाणी मागितले. शस्त्रक्रिया मागितली नाही. चरकाने तर रोगांचे वर्गच पाडले आहेत: सहज बरे होणारे, कष्टाने बरे होणारे, याप्य आणि उपचारांच्या पलीकडचे. याप्य म्हणजे जो रोग समूळ जात नाही, पण पथ्याने व औषधाने आवरून धरता येतो आणि रुग्णाचे दिवस सुसह्य होतात. असाध्य रोगाच्या मागे लागणारा वैद्य धन, विद्या आणि कीर्ती गमावतो, असेही त्याने बजावले आहे. अलीकडचे उदाहरण हवे असेल, तर रमण महर्षींचे घ्या. त्यांच्या हातावर कर्करोगाची गाठ आली. शस्त्रक्रिया त्यांनी होऊ दिल्या. हात तोडण्याची सूचना आली तेव्हा मात्र त्यांनी नकार दिला. 14 एप्रिल 1950 रोजी त्यांचे निर्वाण झाले. उपचार घेणे आणि एका रेषेवर थांबणे, दोन्ही त्यांच्याच इच्छेने घडले. त्यांना कोणी अधार्मिक म्हटले नाही.

कोणी म्हणेल, हे सारे पुराणातले आणि आश्रमातले. तर मग आजचे शास्त्र पाहू. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने, म्हणजे ज्याच्या नावावर आपले प्रशस्तिपत्र चालते त्याच संस्थेने, डोके व मान यांच्या पसरलेल्या किंवा उलटलेल्या, शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या कर्करोगाच्या 422 रुग्णांची तुलना करून तिचा निष्कर्ष 2020 साली प्रसिद्ध केला. एका गटाला सिस्प्लॅटिन हे औषध शिरेतून दिले. दुसऱ्याला मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब या घरी घेण्याच्या स्वस्त गोळ्या दिल्या. सलाईनच्या गटातील निम्मे रुग्ण 6.1 महिन्यांपलीकडे जगले, गोळ्यांच्या गटातील निम्मे 7.5 महिन्यांपलीकडे. तीव्र दुष्परिणाम पहिल्या गटात शेकडा 30 जणांना, दुसऱ्यात शेकडा 19 जणांना झाले. हा निष्कर्ष त्या विशिष्ट रोगापुरता आहे, सर्व कर्करोगांना तो लावता येणार नाही. परंतु तंबाखू आणि सुपारी यांनी ग्रासलेल्या आपल्या भागात तो रोग थोडा नाही. आणि अधिक कडक, अधिक महाग तेच अधिक गुणकारी, ही आपली समजूत कशी फसवी आहे हे त्यावरून दिसते.

हाडात उतरलेल्या कर्करोगाच्या वेदनेचे तसेच. तिच्यासाठी पुष्कळदा एकाच बैठकीत दिलेले किरण दहा बैठकींइतकाच आराम देतात. काहींना ते पुढे पुन्हा एकदा घ्यावे लागतात एवढेच. गदगहून किंवा हावेरीहून हुबळी-धारवाडच्या मधल्या नवनगरातील कर्करोग रुग्णालयात रोज आईला गाडीत घालून आणणाऱ्या मुलाने डॉक्टरांना "एका बैठकीत भागेल काय?" असे विचारले, तर त्यात कृपणता नाही, तिच्या दुखऱ्या कण्याची काळजी आहे. डॉक्टरांना विचारण्याचे प्रश्न मुळी थोडेच आहेत. या उपचाराने रोग जाईल, की थोपेल, की केवळ त्रास कमी होईल? त्यासाठी किती आठवडे रुग्णालयात जातील? उपचार घेतला नाही तर काय होईल, आणि त्या स्थितीत वेदनेवर काय करता येईल? हे प्रश्न आईच्या समोर, तिच्या भाषेत विचारले पाहिजेत.

येथे आम्हाला एका भलत्याच मित्रापासून सावध राहावयाचे आहे. आमचा लेख वाचून "वय झाले आता, कशाला खर्च?" म्हणणारा तो मित्र. त्याच्याशी आमचे सख्य नाही. वय ही कसोटी नव्हेच. ऐंशी वर्षांच्या, स्वतःची कामे स्वतः करणाऱ्या बाईच्या स्तनातील लहान गाठ काढून टाकता येते. संप्रेरकांवर वाढणाऱ्या गाठीला रोजची एक गोळीही पुष्कळ काळ आवरून धरते. उलट साठीच्या, अंथरुणाला खिळलेल्या, हृदय व मूत्रपिंडे थकलेल्या माणसाला जहाल औषध मारक ठरू शकते. सत्तरी ओलांडलेल्या 718 अमेरिकन रुग्णांवरील अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. रुग्णाची चालण्याची शक्ती, स्मरण, आहार, इतर आजार यांची पद्धतशीर तपासणी करून ती डॉक्टरांपुढे ठेवली, तेव्हा तीव्र दुष्परिणाम शेकडा 71 वरून 51 वर आले, आणि आयुष्य काही घटले नाही. पंचांगातील वर्षे मोजण्याऐवजी माणूस पाहावा, हा त्याचा अर्थ. आणि एक कटू गोष्ट सांगितलीच पाहिजे: "वय झाले" हे वाक्य आपल्या घरांत वडिलांपेक्षा आईविषयी लवकर उच्चारले जाते, विधवा आईविषयी तर त्याहूनही लवकर. न विचारता उपचार लादणे आणि न विचारता नाकारणे, ही एकाच अपराधाची दोन तोंडे आहेत.

कायद्याने तरी आता संदेह ठेवलेला नाही. शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसास उपचार नाकारण्याचा अधिकार आहे, आणि शुद्ध हरपल्यावर काय करावे हे आधी लिहून ठेवण्याचाही आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी सांगितले. जानेवारी 2023 मध्ये त्याची रीत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही पुरते. या वाटेची सुरुवात ज्या 2011 च्या निकालाने झाली, तो निकाल हळदीपूरच्या, म्हणजे आपल्याच कोंकणी किनाऱ्याच्या, अरुणा शानभाग यांच्या सदतीस वर्षांच्या यातनेतून निघाला, हे तरी आपण विसरू नये. गोव्याने 2024 साली ही व्यवस्था अमलात आणली. कर्नाटक सरकारने जानेवारी 2025 मध्ये तिच्यासाठी परिपत्रक काढले. मृत्युपत्र करणारे आपण हे चार ओळींचे पत्रही करू शकतो.

उपचार थांबले म्हणजे सेवा थांबली, हा समज सर्वांत घातक. खरी सेवा तेथून सुरू होते: वेदना, धाप, मलावरोध, व्रण, निद्रानाश यांवरची. मॉर्फिनच्या गोळीला भिण्याचे कारण नाही. जाणत्या डॉक्टरांच्या हाती ती कर्करोगाच्या वेदनेवरचे उत्तम औषध आहे, आणि रुग्णालयांना ती मिळण्यातील अडचणी कमी व्हाव्यात म्हणून 1985 च्या कायद्यात 2014 साली दुरुस्ती झाली. वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात 1986 पासून ख्रिस्ती भगिनी अशा रुग्णांची शुश्रूषा करीत आहेत. गोव्यातही त्यांचे सदन आहे. केरळने 2008 साली या सेवेचे धोरण ठरवून ती पंचायतींच्या हाती दिली, आणि परिचारिका घरोघरी जाऊ लागल्या.

आणि आपली देवस्थाने? ब्रह्मोत्सव होतात, सभामंडपाला ग्रॅनाइट बसते, अन्नसंतर्पणाला शेकडो पाने उठतात. यांपैकी कशालाही आमचा विरोध नाही. पण एका उत्सवाच्या खर्चातून दोन हवेच्या गाद्या, एक प्राणवायूचे यंत्र, आठवड्यातून दोन वेळा घरी येणारी एक प्रशिक्षित परिचारिका आणि थकलेल्या सुनेला चार तास झोप मिळावी म्हणून रुग्णाजवळ बसणारे चार तरुण, एवढे उभे करता येणार नाही काय? हुबळी-धारवाडच्या प्रत्येक देवस्थानाच्या विश्वस्तांनी हा विषय येत्या वार्षिक सभेत घ्यावा, अशी आमची मागणी आहे.

मुलांना आम्ही इतकेच सांगू की, प्रशस्तिपत्र तेराव्या दिवशी मिळवू नका. ते आईच्या तोंडून, ती बोलू शकते तोवर मिळवा. आणि त्यासाठी प्रथम तिच्या खाटेशेजारी बसून, डोळे न चुकविता, तिला काय हवे ते विचारा.