जुन्या फाईलमधली अमानत

गेल्या महिन्यात कुंडलमधले एक चाचा पेन ड्राइव्ह घेऊन आमच्याकडे आले. त्यात कर्ज-ए-हसनाचा, म्हणजे बिनव्याजी कर्जाचा जुना हिशेब होता, अ‍ॅक्सेस 97 मध्ये केलेला. कोणी फेडले, कोणाकडे बाकी, सारे त्यातच. नव्या संगणकावर फाईल उघडेना. "सर, हिशेब गेला का हो?" चाचा धास्तावले होते.

फाईल बिघडलेली नव्हती. अ‍ॅक्सेस 2013 आणि त्यापुढच्या आवृत्त्या 97 ची फाईल उघडतच नाहीत. आम्ही आधी फाईलची प्रत काढली. मूळ फाईलला हात लावला नाही. ज्या संगणकावर अ‍ॅक्सेस 2010 होते, तिथे ती प्रत उघडून 2002-2003 च्या स्वरूपात सेव्ह केली. मग ती नव्या अ‍ॅक्सेसमध्येही उघडली.

पण नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी! तेव्हा मराठी युनिकोडमध्ये नव्हे, ठरावीक फॉन्टमध्ये टाइप होई. तोच जुना फॉन्ट घातल्यावर नावे वाचता आली. ती युनिकोडमध्ये बदलून घेतली आणि चाचांसोबत एकेक नाव, एकेक रक्कम जुन्या पावत्यांशी ताडून पाहिली.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, अशी ताकीद सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. लिहिलेले पुढेही वाचता यावे, याची काळजी घेणे हेही त्यातच आले, असे आम्हाला वाटते. बंधू-भगिनींनो, आपल्या घरात, जमातीत अशी जुनी फाईल असेल, तर ती आजच उघडून पाहा आणि एक छापील प्रतही जपून ठेवा.