छापखान्यावरील खापर

पुस्तक वाईट निघाले म्हणजे छापखान्यास बोल लावावयाचा, ही आपल्या सुशिक्षित वर्गाची चाल फार जुनी आहे. लेखकाने लिहिले ते उत्तम, प्रकाशकाने काढले ते औदार्याने, आणि बिघडविले तेवढे मुद्रकाने, अशी ही सोयीची वाटणी! चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांत अलीकडे निघालेले काव्यसंग्रह, महाविद्यालयांची वार्षिके व संमेलनांच्या स्मरणिका आम्ही पुष्कळ चाळल्या. त्यांवरून आमचे असे मत झाले आहे की, त्यांतील बहुतेक दोष यंत्रावर कागद चढण्यापूर्वीच कायम झालेले होते. ज्या संगणकीय फाइलीवरून छपाई झाली तिच्यातच ते होते. आणि ती फाइल मुद्रकाच्या हवाली करणारे आपणच, म्हणजे प्राध्यापक, शिक्षक व हौशी संपादक, होतो.

यावर कित्येकांचे म्हणणे असे की, मजकूर हा ग्रंथाचा आत्मा, छपाई हे केवळ वस्त्र. वस्त्राची काळजी शिंप्याने करावी. ठीक आहे, पण शिंपी माप मागतो, ते तरी आपण नीट देतो काय? पडदा रंग दाखवितो तो प्रकाशाने, आणि कागद दाखवितो तो निळी, किरमिजी, पिवळी व काळी अशा चार शायांनी. ताडोब्याच्या कोवळ्या पालवीचा हिरवा आणि फाल्गुनातल्या पळसाचा पेटता केशरी हे रंग पडद्यावर जसे झळकतात तसे या चार शायांच्या आटोक्यात येतच नाहीत. फाइल अगोदरच चार शायांच्या हिशेबात, ज्यास धंद्यात 'सीएमवायके' म्हणतात त्यात, आणून पाहिली असती तर चित्रकाराने निराळा रंग योजला असता. तसे न करता पडद्यावरचा रंगच धाडावयाचा आणि मुखपृष्ठ मळकट आले की मुद्रकाशी भांडावयाचे, यास न्याय म्हणता येत नाही.

छायाचित्रांची गोष्ट तर केवळ गणिताची आहे. डेमी आकाराच्या मुखपृष्ठाची रुंदी साडेपाच इंच. दर इंचास 300 ठिपके हवेत, म्हणजे आडवे 1,650 ठिपके झाले. व्हॉट्सअॅपवरून आकसून आलेल्या चित्रात ते बहुधा नसतातच, आणि नसलेले ठिपके कोणताही मुद्रक आपल्या खिशातून घालू शकत नाही. कडेपर्यंत रंग हवा असेल तर कापणीसाठी चोहोबाजूंनी 3 मिलिमीटर जादा सोडावा, हेही सांगावे लागते. मजकुराचा काळा रंग निव्वळ काळ्या शाईचा नसून चार शायांच्या मिश्रणाचा राहिला, तर छपाईत केसभर सरक होताच अनुस्वारांना रंगीत सावल्या फुटतात. रोमन लिपीत अशी चूक एक वेळ खपून जाईल. पण जिच्यात एका टिंबाने एकवचनाचे अनेकवचन होते, त्या आपल्या लिपीस ती परवडणारी नाही.

तथापि रंग आणि ठिपके ही हानी डोळ्यांपुरती आहे. खरी हानी अक्षरांची होते. श्रीलिपी, कृतिदेव इत्यादी जुन्या पद्धतीच्या टंकांत देवनागरीची रूपे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असत. तो टंक नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की कविता जाऊन रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. त्यावरून युनिकोडमध्ये रूपांतर करू गेले तर ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरास चिकटते, रफार उडतो, आणि 'वऱ्हाडा'तला अर्धा र मोडून त्याचा 'वर्हाड' होतो. पीडीएफ करताना टंक आत बसवून द्यावा, एवढी एक काळजी घेतली तरी निम्मा अनर्थ टळेल. छपाईसाठी द्यावयाच्या पीडीएफचे आंतरराष्ट्रीय मानक 2001 सालीच ठरले आहे. आपण मात्र अद्याप 'वर्ड'ची उघडी फाइल पाठवून निश्चिंत झोपतो!

पुण्यामुंबईच्या लेखकाचे यात फारसे बिघडत नाही. त्याची भाषा हजार ठिकाणी छापलेली आहे. परंतु झाडीबोलीत लिहिणाऱ्याचे तसे नाही. या बोलीत ण नाही, ळ नाही. तेथे पाणी हे 'पानी' आणि डोळा हा 'डोरा'. फाइल जुळविणारा सुशिक्षित गृहस्थ, किंवा त्याच्या यंत्रातला शुद्धलेखन तपासनीस, परोपकारबुद्धीने 'पानी'चे 'पाणी' करतो आणि कवीची बोली त्याच्याच पुस्तकातून नाहीशी होते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्यांनी ज्या बोलीसाठी आयुष्य वेचले, तिचा छापील पुरावा असा पुसला जावा, हे आम्हांस किरकोळ वाटत नाही. गोंडीची अवस्था याहून बिकट आहे. मसराम गोंडी लिपीस 2017 मध्ये आणि गुंजाला गोंडीस 2018 मध्ये युनिकोडात स्थान मिळाले खरे; पण संकेतांक मिळाला म्हणजे कागदावर अक्षर उमटले असे नव्हे. टंक व तो पेलणारी आज्ञावली दोन्ही जुळली नाहीत तर पानावर रिकाम्या चौकटी तेवढ्या उतरतात.

आता ज्यांना आपण हसतो त्यांच्याकडे पाहा. दिवाळीनंतर मंडयांच्या दिवसांत वडसा-देसाईगंजच्या नाटकमंडळ्यांची भित्तिपत्रके गावोगाव लागतात. त्यांचे रंग भडक खरे, आम्हांसही ते रुचत नाहीत. परंतु नाटकाचे नाव, गाव, तारीख नि नटांचे चेहरे रस्त्यापलीकडून ओळखू येतात. कारण उघड आहे: गावाचे नाव वाचता आले नाही तर प्रेक्षक येत नाही. आपल्या काव्यसंग्रहाचे नाव काळ्या जंगलावर तांबड्या अक्षरांत छापले तरी कोणाचे काय जाते?

मराठी मुद्रणाचा इतिहास याच्या अगदी उलट वृत्तीवर उभा आहे. गणपत कृष्णाजींनी 1831 साली शिळाप्रेसवर पंचांग छापले; जावजी दादाजींनी 1869 मध्ये निर्णयसागर काढला. जावजी हे काही पदवीधर नव्हते. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासता घासता त्यांनी अक्षर ओळखले. आपण पदव्या घेतल्या आणि अक्षर ओळखणे हलके काम ठरविले. बल्लारपूरसारखी कागदाची गिरणी ज्या मुलखात 1945 साली निघाली आणि जेथील बांबूचा कागद देशभर गेला, तेथील पदवीधरास चार शाया कोणत्या हे ठाऊक नसावे!

आमची मागणी मोठी नाही. गोंडवाना विद्यापीठ 2011 पासून आपल्या दाराशी आहे; तेथील मराठीच्या विद्यार्थ्यास मुद्रितशोधनाबरोबर छपाईची फाइल सिद्ध करणेही शिकवावे. लेखकाने मजकुराची युनिकोड प्रत स्वतःजवळ राखावी, आणि बोलीतील कोणते शब्द बदलू नयेत याची यादी फाइलीसोबत द्यावी. सगळ्या प्रती छापण्यापूर्वी एक कागदी नमुना मागून, दिवसाच्या उजेडात वाचून, त्यावर सही करावी. मुद्रक सहसा नाही म्हणत नाही. आडवी येते ती आपली घाई. कारण प्रकाशन समारंभाच्या पत्रिका तोवर वाटून झालेल्या असतात.