‘साना’ने बाजू बदलली, सवय नाही

७ डिसेंबर २०२४ रोजी ‘साना’ या सीरियाच्या सरकारी वृत्तसंस्थेने अध्यक्षीय कार्यालयाचा खुलासा जगाला कळवला: बशर अल-असद दमास्कस सोडून गेल्याच्या बातम्या खोट्या आहेत, ते राजधानीतच काम करीत आहेत. दुसऱ्या दिवशी पहाटे दमास्कस पडले आणि असद रशियाला पळाले. त्यानंतर ज्यांना ‘साना’ तेरा वर्षे ‘दहशतवादी’ म्हणत आली, त्यांचे नेते तिच्याच बातम्यांत सन्मानाने झळकू लागले आणि असद यांची सत्ता ‘लयाला गेलेली राजवट’ ठरली.

त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला होता. ऑगस्ट २०१३ मध्ये घौता भागात विषारी वायूने माणसे मेली, तेव्हा याच संस्थेने रासायनिक अस्त्रे वापरल्याचे साफ नाकारले होते. पुढे तिथे सरीन वापरला गेल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तपासणीत सिद्ध झाले. आता तरी ‘साना’ खरे बोलेल, असे मला वाटले.

मग मार्च २०२५ उजाडला. असदसमर्थक बंदूकधाऱ्यांनी किनारपट्टीवर सुरक्षा दलांवर हल्ले केले आणि त्याचा सूड निरपराध अलवी कुटुंबांवर उगवला गेला. ‘साना’ने एका अनामिक सुरक्षा अधिकाऱ्याच्या हवाल्याने सांगितले, काही ‘वैयक्तिक उल्लंघने’ झाली. जुलैमध्ये नव्या सरकारनेच नेमलेल्या समितीने मृतांचा आकडा दिला: १४२६, त्यांत बहुतेक सामान्य नागरिक. चौदाशे मुडदे म्हणजे वैयक्तिक उल्लंघने?

कबूल करतो, ते दोन शब्द वाचून मला आधी हायसे वाटले होते. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवरही अनेकांना वाटले असणार. असदची ‘साना’ खोटारडी होती, हे आपल्याला कुणी सांगावे लागले नाही. पण तीच संस्था आपल्या आवडीच्या माणसांची भाटगिरी करू लागली, की तिचा शब्द आपण प्रमाण मानतो. शिया मेले की सुन्नींना पुरावा हवा, सुन्नी मेले की शियांना. ही उम्मतची काळजी नव्हे. ही गटबाजी आहे.

सूरह हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करायला सांगितले आहे, नाहीतर अजाणतेपणी कुणाला तरी इजा पोहोचवाल आणि मग पस्तावाल. शत्रूची बातमी तेवढी तपासा, अशी सवलत तिथे नाही. आणि दुसऱ्या गटाशी वैर आहे म्हणून न्याय सोडू नका, ही ताकीदही कुरआनचीच आहे.

सरकारी वृत्तसंस्था मालकाचेच गाणार. मालक बदलला की ती सूर बदलते, गाणे मात्र सत्तेचेच राहते. तिला दोष देऊन आपण सुटत नाही. ती खोटे लिहिते, पण ते पुढे ढकलणारा अंगठा आपला असतो.