संसाराला परवाना कशासाठी?

लग्न होऊन मुलगी सासरी निघाली की गावाच्या वेशीपर्यंत तिला पोचवायला जायची आपल्याकडे रीत आहे. वेशीपलीकडचे गाव तिला नवे असते, माणसे नवी असतात. पण तेथे पाऊल टाकण्यासाठी तिला सरकारची परवानगी काढावी लागत नाही. नवऱ्याच्या मिळकतीची चौकशी झालीच असेल तर ती सोयऱ्यांनी केलेली असते, शिपायाने नव्हे. वेस देशाची असली म्हणजे मात्र चित्र पार बदलते. दोन देशांतील दोन सज्ञान माणसांनी लग्न करावे आणि दोहोंपैकी एका ठिकाणी संसार मांडावा, ही खरे तर साधी गोष्ट. परंतु तिच्यासाठी राज्यसंस्थेचा परवाना लागतो, आणि तो देताना राज्यसंस्था वर्ण पाहते, लिंग पाहते आणि अलीकडे तर उघडउघड पगार पाहते. हा प्रश्न परदेशी जाणाऱ्या सुखवस्तू मंडळींचा आहे, आपल्याला त्याचे काय, असे आपल्यातील अनेकांना वाटते. ही समजूत चुकीची आहे, आणि आपल्या चळवळीच्या इतिहासाशी ती विसंगतही आहे.

कारण याच प्रश्नावर एक मोठा सत्याग्रह होऊन गेला आहे. मार्च १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केप प्रांताच्या न्यायालयात न्या. सर्ल यांच्यासमोर एक प्रकरण आले. हिंदुस्थानातून नवऱ्याकडे राहावयास आलेल्या एका मुसलमान स्त्रीला देशात प्रवेश द्यावयाचा की नाही, एवढाच मूळ वाद. ज्या धर्मात बहुपत्नीत्वाला मुभा आहे, त्या धर्माप्रमाणे झालेला विवाह कायदा मानीत नाही, असा निर्णय न्यायमूर्तींनी दिला. आणि तेथील बहुसंख्य हिंदी स्त्रिया कायद्याच्या दृष्टीने एका दिवसात कोणाच्याच पत्नी उरल्या नाहीत. त्यानंतर जे घडले ते सर्वश्रुत आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात कस्तुरबांसह सत्याग्रहींच्या तुकडीने परवान्याशिवाय ट्रान्सवालची हद्द ओलांडली आणि सक्तमजुरीची शिक्षा पत्करली. तमिळ भगिनी न्यूकॅसलच्या कोळसा खाणींवर गेल्या आणि त्यांनी मजुरांना संपाची हाक दिली. खाणमजुरांच्या डोक्यावर तीन पौंडांचा जाचक कर होता. स्त्रियांच्या माथी 'पत्नी नव्हे' हा शिक्का होता. दोन्ही अन्यायांचा उगम एकच आहे, हे त्या निरक्षर मजुरांना आणि त्या गृहिणींना समजले. १९१४ च्या कायद्याने तो करही गेला आणि एकपत्नी विवाहांना मान्यताही मिळाली.

समुद्राच्या पलीकडे, अमेरिकेत, त्याच काळात दुसरा प्रयोग चालू होता. १९०७ च्या कायद्याने परदेशी पुरुषाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री स्वतःचे नागरिकत्व गमावून बसे. परदेशी स्त्रीशी लग्न करणाऱ्या अमेरिकन पुरुषाचे मात्र काहीही बिघडत नसे. १९२२ मध्ये हा कायदा सुधारला, पण त्यातही एक मेख ठेवण्यात आली: नवरा जर नागरिकत्वाला 'अपात्र' अशा वंशाचा असेल, तर पत्नीचे नागरिकत्व जाईलच. १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी माणसे 'गोरी' नसल्याचे ठरवून त्यांना या अपात्रांच्या रांगेत बसविले. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्याशी विवाह केलेल्या मेरी दास या जन्माने अमेरिकन असूनही त्यामुळे आपल्याच देशात परक्या ठरल्या. ही मेख निघावयास १९३१ साल उजाडावे लागले.

हा झाला साम्राज्यशाहीचा आणि उघड वर्णभेदाचा काळ, असे म्हणून कोणी सुटका करून घेईल. म्हणून पुढचे उदाहरण लोकशाहीच्या माहेरघराचे घेऊ. २४ जानेवारी १९७९ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक भारतीय शिक्षिका उतरली. वय पस्तीस; वाग्दत्त वराशी लग्न करण्यासाठी आलेली. त्या वेळच्या नियमांप्रमाणे लग्न करावयास येणाऱ्या वधूला आगाऊ परवाना लागत नसे. आधीच लग्न झालेल्या पत्नीला मात्र भारत-पाकिस्तानातील ब्रिटिश कचेऱ्यांच्या रांगेत दीर्घ काळ तिष्ठावे लागे. ही बाई वधू नसून पत्नीच असावी, असा संशय अधिकाऱ्यांना आला आणि त्याच्या निरसनासाठी तिची कौमार्य तपासणी करण्यात आली. हिंदी वधू म्हणजे कुमारिका असलीच पाहिजे, हे या तपासणीमागचे तर्कशास्त्र. 'गार्डियन'ने ही बातमी फोडल्यावर भारत सरकारने निषेध केला, तेथील आशियाई स्त्रिया विमानतळावर निदर्शने करीत उभ्या राहिल्या, आणि तो प्रकार बंद झाला. हे एकट्या अधिकाऱ्याचे कृत्य नव्हते. १९७० च्या दशकात किमान ८० स्त्रियांना या विटंबनेतून जावे लागले, हे २०११ मध्ये उजेडात आलेल्या सरकारी कागदपत्रांवरून सिद्ध झाले. आणि आम्हा समाजवाद्यांना विशेष बोचावे असे की, हे घडले तेव्हा ब्रिटनमध्ये सत्तेवर मजूर पक्ष होता.

ब्रिटिशांना दोष देताना आपणही आपले अंगण पाहावे. आपल्याच महाराष्ट्रात लग्नाच्या रात्री कौमार्याचा पुरावा मागणाऱ्या जातपंचायतीविरुद्ध कंजारभाट समाजातील तरुणांना २०१८ मध्ये मोहीम उघडावी लागली. विमानतळावरचा अधिकारी आणि पंचायतीतला पंच यांचे विचार एकाच शाळेत शिकलेले आहेत.

१९७९ च्या मे महिन्यात हुजूर पक्ष सत्तेवर आला आणि रोख स्त्रीकडून पुरुषाकडे वळला. ब्रिटनमधील स्त्रीने भारतातून किंवा पाकिस्तानातून नवरा आणावयाचा असेल, तर ब्रिटनमध्ये शिरणे हा या विवाहाचा मुख्य हेतू नाही, हे त्या पुरुषाने सिद्ध करावयाचे, असा नियम १९८० मध्ये आला. नसलेली गोष्ट सिद्ध करणे जगात सर्वांत कठीण. मनातला हेतू कागदावर कसा दाखवावा? शेकडो मैल दूर बसलेल्या अधिकाऱ्याने नवऱ्यामुलाला उलटसुलट प्रश्न विचारावेत आणि एका विसंगत उत्तरावर एक संसार मोडावा, असे सतरा वर्षे चालले. १९९७ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने तो नियम रद्द केला, हे त्याच्या जमेला धरले पाहिजे.

दरम्यान तीन स्त्रिया आपले गाऱ्हाणे घेऊन स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेल्या. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या पुरुषाला पत्नी आणता येते, तर आम्हाला पती का आणता येऊ नये, हा त्यांचा सवाल. पुरुष आले तर नोकऱ्यांवर ताण पडेल, हा सरकारचा बचाव. मे १९८५ मध्ये न्यायालयाने लिंगभेदाच्या मुद्द्यावर स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला. मग सरकारने काय करावे? स्त्रियांवरील अटी काढण्याऐवजी त्याच अटी पुरुषांवरही लादल्या! समता साधण्याचे दोन मार्ग असतात: ज्याला कमी आहे त्याला देणे, किंवा ज्याच्याकडे आहे त्याचेही काढून घेणे. राज्यकर्त्यांना दुसरा मार्ग सोपा वाटतो.

वर्ण आणि लिंग यांच्या आधारावर उघड भेद करणे असे अवघड होत गेले, तसा भेदाचा नवा निकष पुढे आला. तो म्हणजे पैसा. जुलै २०१२ पासून ब्रिटनमध्ये परदेशी जोडीदार आणू इच्छिणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न किमान १८,६०० पौंड असावे, अशी अट आली. कायद्याने ठरविलेल्या किमान वेतनावर आठवड्याचे चाळीस तास वर्षभर राबणाऱ्या माणसाचे उत्पन्न त्या वेळी तेरा हजार पौंडांच्या आत होते. म्हणजे जे वेतन जगण्यास पुरेसे आहे असे सरकारच सांगते, ते लग्न करण्यास मात्र पुरेसे नाही! ११ एप्रिल २०२४ रोजी ही मर्यादा २९,००० पौंडांवर नेण्यात आली. पुढे ती ३८,७०० पर्यंत नेण्याचा बेत होता. त्या वर्षी निवडून आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारने तो थांबविला, एवढाच दिलासा. इस्पितळात लादी पुसणारा, बसचा वाहक, अर्धवेळ काम करून म्हाताऱ्या आईची शुश्रूषा करणारी मुलगी, यांनी प्रेम करावे ते आपल्याच देशाच्या हद्दीत. बँकेतल्या बड्या साहेबाला मात्र साऱ्या जगातून जोडीदार निवडण्याची मुभा आहे. भांडवलाला हद्द नाही, श्रमिकाला आहे, हे आपण नेहमी म्हणतो. येथे ती हद्द त्याच्या घरात, त्याच्या अंथरुणापर्यंत आली आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, येणारी माणसे सरकारी मदतीवर भार होतील. पण जोडीदार म्हणून येणाऱ्याला सुरुवातीची वर्षे सरकारी भत्ते मिळतच नाहीत. उलट २०२४ पासून आरोग्यसेवेसाठी दरसाल १,०३५ पौंडांचा वेगळा अधिभार त्याच्याकडून आगाऊ वसूल केला जातो. शिवाय येणारी व्यक्ती तेथे कमावू लागेल, तिची ती भावी कमाई पहिल्या परवान्याच्या वेळी हिशेबात धरीत नाहीत. परिचारिका म्हणून उद्या कामाला लागणारी स्त्रीही कागदावर निव्वळ ओझे ठरते. दुसरा आक्षेप खोट्या लग्नांचा. खोटी लग्ने होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु खोटेपणाची चौकशी त्या त्या लग्नाची करावी. पगाराच्या चिठ्ठीवरून लग्नाचा खरेपणा कसा कळणार? पैसेवाला खोटे लग्न करीत नाही, असा कोणाचा अनुभव असेल तर तो आमच्या पाहण्यात नाही. २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने उत्पन्नाची अट तत्त्वतः वैध धरली. पण मुलांच्या हिताचा पुरेसा विचार नियमांत झालेला नाही, असा ठपकाही ठेवला. आई एका खंडात आणि बाप दुसऱ्या खंडात, अशा स्थितीत वाढणाऱ्या मुलांचा हिशेब कोणत्या पौंडांत करावयाचा?

परवाना मिळाल्यावरही प्रश्न संपत नाही. किंबहुना आम्हाला सर्वांत गंभीर वाटणारी गोष्ट तेथूनच सुरू होते. येणाऱ्याचे वास्तव्य जोडीदाराच्या मर्जीवर टांगलेले असते. ब्रिटनमध्ये पूर्वी एक वर्षाच्या आत लग्न मोडले तर परत जावे लागे. ती मुदत २००३ मध्ये दोन वर्षे आणि २०१२ मध्ये पाच वर्षे झाली. याचा अर्थ मारहाण सोसणाऱ्या पत्नीपुढे दोनच वाटा: मार खात राहणे, किंवा ज्या समाजात टाकलेल्या बाईला थारा नाही तेथे परतणे. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेने वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा १९९९ मध्ये कौटुंबिक हिंसेला बळी पडलेल्या स्त्रियांसाठी सवलत मिळाली. अमेरिकेत एच-४ परवान्यावर गेलेल्या कितीतरी मराठी मुलींची गोष्ट मवाळ दिसते, पण जात तीच. पुण्या-मुंबईत अभियांत्रिकी शिकलेली मुलगी तेथे नवऱ्याची 'अवलंबित' म्हणून जाते. तिला नोकरीला बंदी होती. २०१५ मध्ये, ज्यांच्या जोडीदाराचा कायम वास्तव्याचा अर्ज ठराविक टप्प्यापर्यंत पोचला आहे त्यांच्यापुरती ती शिथिल झाली. नवऱ्याची नोकरी गेली की तिचेही वास्तव्य जाते. घरातील पुरुषसत्तेला येथे परराष्ट्राचा शिक्काही मिळतो.

आणि आपले सरकार? १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात भारतीयाशी विवाह केल्यामुळे नोंदणीचा मार्ग मोकळा होता तो फक्त स्त्रियांना. भारतीय स्त्रीच्या परदेशी नवऱ्याला तो १९८६ मध्ये मिळाला. परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय आईकडून नागरिकत्व मिळू लागले ते तर १९९२ मध्ये. परदेशस्थ नवऱ्यांनी टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी विवाहनोंदणीचे विधेयक २०१९ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. आणि पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, विधी आयोगाला अशा कायद्याची गरज पुन्हा प्रतिपादावी लागली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे निरपराधांची निर्घृण हत्या झाल्यावर पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक परवाने रद्द झाले. त्या दिवसांत अटारीच्या फाटकावर पाकिस्तानात लग्न झालेल्या भारतीय स्त्रिया उभ्या होत्या: मुलांचे पारपत्र पाकिस्तानचे, म्हणून त्यांना वाट मोकळी, आईचे भारताचे, म्हणून तिला अटकाव. अतिरेक्यांचा बंदोबस्त केलाच पाहिजे. पण आईपासून मूल तोडल्याने कोणता अतिरेकी पकडला जातो?

आमचे म्हणणे थोडक्यात असे. ज्या जोडीदाराशी आपण विवाह केला त्याच्यासह आपल्या देशात राहणे, हा नागरिकाचा हक्क आहे. ती सरकारची मेहेरबानी नव्हे. या हक्काला पगाराची अट असू नये. येणाऱ्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करण्याची मुभा आणि स्वतःच्या नावावर वास्तव्याचा अधिकार असावा, म्हणजे संसार मोडला तरी माणूस मोडणार नाही. आणि ही मागणी लंडन-वॉशिंग्टनकडे करावयाची तर दिल्लीकडेही तितक्याच ठामपणे केली पाहिजे. परदेशातील भारतीयांच्या अपमानाने आपण जसे पेटून उठतो, तसे आपल्या दाराशी आलेल्या परदेशी सुनेच्या किंवा जावयाच्या बाजूने उभे राहिलो, तरच त्या संतापाला नैतिक अधिष्ठान मिळेल.

१९१३ मध्ये कस्तुरबांनी ओलांडलेली हद्द त्यांच्या स्वतःच्या सुखसोयीसाठी नव्हती. आपल्या घरात आपण काय म्हणून राहतो हे न्यायाधीशाने ठरवू नये, एवढ्यासाठी ती ओलांडली गेली. ते काम अपुरे राहिले आहे.